बायोस, पेनड्राइव्ह आणि गाऱ्हाणं

कणकवलीत एसटी डेपोच्या मागे बाबलचं आणि माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. किस्से आम्ही मुद्दाम जमवत नाही हो, मशीनं उघडता उघडता ते साठतात. त्यात बायोस अपडेटचे सगळ्यात जास्त. बायोस म्हणजे मदरबोर्डातला छोटा प्रोग्राम, मशीन जागं करणारा. तो बदलताना लाईट गेली की बोर्ड मेला. आणि लाईट जाणं आमच्याकडे रोजचंच.

*

म्हणून अपडेटआधी बाबल हात जोडून गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा, पाच मिनटां लायट रवांदे रे म्हाराजा!" बाकावरची गिऱ्हाइकं एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मग बाबल हळूच यूपीएस तपासतो.

*

खारेपाटणचे एक मास्तर. मशीनवर नुसतं लिनक्स. अपडेटसाठी विंडोज घालावं लागणार म्हणून तोंड पाडून बसलेले. मी साधी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, मशीन चालू होताना एफ-टू दाबलं, पुढचं काम बायोसनेच केलं. मास्तर बघत राहिले. "म्हणजे पेशंटानच आपणाक इंजेक्शन मारून घेतल्यान?"

*

मालवणच्या एका बागायतदाराला फोनवर बजावलं होतं, अपडेट होताना लाईट जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी स्वारी सीपीयू मांडीवर घेऊन एसटीने हजर. "बिनधास्त कर. आख्ख्या वाडीक सांगान इलंय, दुपारपर्यंत कोणी पंप लावचो नाय." वाडी तिकडे मालवणात, मशीन इकडे कणकवलीत.

*

आचऱ्याच्या सुलूकाकींचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. एकेक पार्ट आणून त्याने जोडलेलं मशीन मध्येच अडकायला लागलं, म्हणून काकी घेऊन आल्या. त्यावरही लिनक्सच, आणि बायोस जुना झालेला. "माझ्या झिलान जोडलेला आसा रे. ह्येका काय होव देव नको."

यूपीएस या वेळी मीही तपासला. गाऱ्हाणं झालं, पेनड्राइव्ह लावला, लाईट राहिली, मशीन सुरळीत झालं.

तिसऱ्या दिवशी काकी मशीन घेऊन परत आल्या. "चलता सगळा. पण सकाळी सहाक आपसूक चालू जाय, ता बंद झाला."

चूक माझी. पोराने बायोसमध्ये रोज सहाची वेळ लावून ठेवली होती, ती अपडेटमध्ये पुसली गेली. आधी सेटिंगचे फोटो काढायला हवे होते, मी विसरलो. फार वाईट वाटलं मला.

"आत्ता लावतो, काकी. पण सहाला कशाला?"

"त्याच्या खोलयेत ह्येचो पंखो वाजाक लागलो, की तो उठलो म्हणान मी चाय ठेवतंय. दोन दिस झाले, तो उठूकच नाय."

बाबल पाठ करून उभा राहिला. मी सहाची वेळ लावली.

"रोज सहा ना, काकी?"

"आयतवारी सात कर. आयतवारी तो उशिरा उठता."