मधला वेग

माझी मावशी जस्ताच्या कारखान्यात फिरता ड्रम चालवते. भट्टीत वितळलेल्या जस्तावर तरंगणारी गरम मळी त्यात ओतायची आणि ड्रम गरागरा फिरवायचा, की मळीत अडकलेलं जस्त जाळीतून बाहेर फेकलं जातं. आज जस्त निघालं नाही तर ड्रम भंगारात आणि मावशी घरी, असं शेठनी बजावलं होतं.

वेग वाढला तसा ड्रम धाडधाड आपटू लागला. शेठ नाकातून किंचाळले, "बंऽऽद करा, बाई! जीव घेता काय?"

"आत्ता थांबलं तर सगळं आतच गोठेल, शेठ. हा मधला वेगच वाईट. तो ओलांडायला हवा."

"आणि नाही ओलांडला तर?"

"तुम्ही दाराजवळच आहात. पळा."

तिनं वेगाचा दांडा पुढे ढकलला. शेठचा चष्मा नाकावर नाचू लागला, मावशीचा हात मात्र हलला नाही. मग एकाएकी आपटणं थांबलं आणि ड्रम भुंग्यासारखा एका सुरात गुणगुणू लागला. भोवतीच्या पत्र्यावर चकाकतं जस्त साचू लागलं.

शेठ घाम पुसत म्हणाले, "उद्या सकाळच्या पाळीलाही याल, बाई?"

"येईन. पण तुम्ही ऑफिसातच बसा. ड्रमला आरडाओरडा सोसत नाही."