नेलपॉलिशचं सील

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे नंबर मी विसरलो, पण ही घटना अजून डोक्यातून जात नाही.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचं वेड घरोघरी शिरलं होतं. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये दोघे भागीदारीत असे गेम जुळवून विकायचे. एक गल्ल्यावर बसायचा. दुसरा कारागीर, अंबरनाथच्या बुवापाड्यातला. एका सकाळी गल्ल्यावरचा आमच्या पोलीस ठाण्यात आला. "साब, गोदाम से नया तीस पीस गया. अपना पार्टनर ही चोर निकला."

खबऱ्यानेही सांगितलं, कारागिराच्या घरात गेमची चळत आहे. मी छापा घातला, पंचनामा केला आणि त्याला बेड्या घालून भर वस्तीतून गाडीपर्यंत चालवत आणलं. तेव्हा मला असली मर्दुमकी आवडायची. त्याची बायको मागून ओरडत होती, "अहो साहेब, आमची इज्जत चालली हो!"

ठाण्यात त्याचं एकच पालुपद. "साहेब, बिघडलेला माल आहे, रिपेअरिंगला आणलाय. एक तरी पीस खोलून बघा ना."

"मला शिकवू नकोस," मी दरडावलं. दुपारपर्यंत तेच. शेवटी आमचे जुने हवालदार वैतागले. "साहेब, खोलू या की! पाच मिनिटांचं तर काम."

नवा गेम बंद केला की हे दोघे स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकायचे. तेच त्यांचं सील. इथे एकूण एक थेंब फुटलेला होता. आत चिठ्ठ्या होत्या: 'आवाज नाही', 'चित्र हलतं'. गिऱ्हाइकाने माल परत आणला की तो खोलून आत अशी चिठ्ठी लिहून ठेवायचा तो गल्ल्यावरचाच. पोलीस डबे मोजतील, खोलतील कशाला, असं त्याला वाटलं होतं. माझ्याबाबतीत त्याचा अंदाज जवळजवळ खरा ठरला होता.

त्याला बोलावून चिठ्ठ्या समोर ठेवताच त्याचा चेहरा पडला. बाहेरून तयार माल मिळू लागल्यावर त्याला कारागीर नकोसा झाला होता. "वो दुकान छोड़ता नहीं था, साब," तो पुटपुटला. खोट्या फिर्यादीबद्दल त्याच्यावर रीतसर कारवाई केली.

कारागिराला सोडलं. जाताना तो म्हणाला, "साहेब, एकदा वस्तीत या. माझ्यासोबत नुसते चाला. लोकांना कळू दे."

"येतो," मी म्हणालो. गेलो नाही. आधी बंदोबस्त आला, मग बदली. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

त्यानंतर पुरावा तपासल्याशिवाय मी कुणाला असं चालवत नेलं नाही. नव्या पोरांना हे सांगतो तेव्हा ती माना डोलावतात. बुवापाड्यात मात्र मी अजून गेलेलो नाही.