तगरीवरची डोळेवाली अळी

तळेगाव ढमढेऱ्यातल्या आमच्या घरामागे तगरीचं झुडूप आहे. त्याची फुलं आई रोज देवाला वाहते. गेल्या श्रावणात एका सकाळी तिची हाक आली, "अगं, हिकडं ये. हे काय हाय बघ!"

पानाखाली बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी चिकटली होती. शेपटाशी बारीकसं शिंग. आईनं फांदी हलवली तशी तिनं मान आत ओढली आणि पाठीवर दोन निळे डोळे फुगून वर आले. खोटेच, पण रोखून बघणारे. आई दचकली, मग हसायला लागली. "मला भ्या दाखवती व्हय गं?"

तेवढ्यात आप्पा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आले. माझ्या वडलांनी जन्मभर उसावरच्या, टोमॅटोवरच्या अळ्याच मारल्या आहेत. "सर बाजूला. उद्या सगळीकडं व्हतील."

आई झुडपापुढं उभी राहिली. "न्हाई मारायची. पिकावरल्या तुमच्या. ही माझ्या तगरीवरली हाय."

तिला आप्पांना अडवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ते पंप घेऊन शेताकडं गेले.

मी फोनवर शोधून सांगितलं, की हिचा मोठा पतंग होतो, फुलपाखरासारखा, पण रात्री उडणारा. आईनं लगेच जुनी मच्छरदाणी झुडपावर टाकली, कारण बुलबुल घिरट्या घालत होते. अळीनं पानं संपवली, कळ्याही गेल्या. देवाला जास्वंद चालू झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "इखारी असंल ती." आई म्हणाली, "असू द्या. तुमी हात नका लावू, नुसतं बघा."

मग कोशात जायच्या वेळी अळी तपकिरी पडली आणि खाली उतरली. आईनं तिला बादलीत माती न् पालापाचोळा घालून ठेवलं, वर जाळी बांधली. पुढं आप्पाच येता-जाता विचारायचे, "निघालं का गं काय?"

एका संध्याकाळी निघालं. हिरव्या मखमलीवर गुलाबी-पांढऱ्या रेघा काढाव्यात तसा पतंग. तो आईच्या बोटावर चढला, पंख थरथरवत राहिला आणि भिंतीवरून उसाकडं निघून गेला. आईनं तिथूनच कासुर्डीच्या मावशीला फोन लावला. "अगं, आमच्या बादलीत झाला! असलं हिरवं तू बघितलं न्हाईस."

दुसऱ्या दिवशी सणसवाडीच्या ऑफिसात मी आईच्या बोटावरल्या पतंगाचा फोटो दाखवत फिरले. सगळे पतंगाचं कौतुक करत होते. मी प्रत्येकाला सांगत होते, हा हात माझ्या आईचा.