समुद्र मोजलेली पोरगी

मंडळी, कोल्हापुरातल्या नेट कॅफेतून लिहितेय. आत्ताच सरांची निकालाची मेल वाचली.

शिडाच्या संशोधन जहाजावर आम्ही विद्यार्थी दीड महिना होतो. दोर ओढून तळहात सोलले. जोडीजोडीनं, पाळीपाळीनं दर तासाला बादलीनं समुद्राचं पाणी वर ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा, आकडा वहीत लिहायचा. एका पहाटे मला बोट लागली. ओकून ओकून उभं राहवेना. मी पाणी न काढताच अंदाजानं आकडा लिहिला. एकदाच, शपथ.

सर लिहितात, "त्या पहाटे तुझ्या पाळीच्या जरा आधीच थर्मामीटर फुटला होता, कप्तानाच्या वहीत नोंद आहे. मग तुझा आकडा आला कुठून?"

आमच्या जोडीचं सगळं काम रद्द. जोडीदार आजऱ्याची सुनीता. तिनं एकही तास चुकवला नव्हता.

आबांनी मला उचगावहून लूनावरनं आणलंय. दारातूनच विचारलं, "काय गं, झालीस न्हवं पास?"

माझ्या तोंडून "व्हय" गेलं.

ते कॅफेवाल्याला म्हणाले, "पावणं, माझ्या पोरीनं समुद्र मोजलाय की!" आणि पेढे आणायला गेले.

पहिला पेढा ते मलाच भरवणार. मंडळी, मी तो गिळू कसा?