टाळीच्या आधीचं

लग्नाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की मावशीचं बोट वर जायचं. उजव्या हाताचं, सरळ छताकडे. नवख्या माणसाला वाटायचं, ही बाई देवाची आठवण करून देतेय. क्रिकेटवाल्या पोरांना वाटायचं, कुणीतरी आऊट झालं. मग तिचा आवाज यायचा, "पंखा बंद करा गो."

आता मे महिना, पेणचा उकाडा, नवरीचा मेकअप ओघळायच्या बेतात, आणि ही बाई म्हणते पंखा बंद करा. भरल्या लग्नात सगळ्या मांडवाच्या शिव्या तुम्ही कधी खाल्ल्यात का? मी खाल्ल्यात, दर हंगामात, हिच्यापायी. वरमाय माझ्याकडे अशी बघायची की जसा काही तो पंखा मी काढून घरी नेणार आहे. मावशीला त्याचं काही नसायचं. ती कानात इअरफोन खुपसून, डोळे बारीक करून, पाती थांबायची वाट बघत बसायची.

पेणच्या रामवाडीला माझा व्हिडिओ शूटिंगचा गाळा आहे. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, ड्रोन हाय का? दुसरा, अल्बम किती पानी? आवाज नीट येईल का, असं आजवर एका माणसाने विचारलेलं नाही. तेच गिऱ्हाईक लग्नानंतर तोंड पाडून येतं की आजोबा एवढा वेळ बोलतायत, पण ऐकू येतोय नुसता जनरेटर. अहो, मग ड्रोनच्या जागी माईकला पैसे द्यायचे होते ना! पण हे गिऱ्हाइकाला बोलायची सोय नसते. म्हणून मी आपला एक स्वस्तातला कॉलर माईक आणला, तो जुन्या मोबाईलला जोडला आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात सारून दिला, लांबून ऐकायला बिनवायरचा इअरफोन माझ्या कानात. झालं रेकॉर्डिंग, असं मला वाटलं.

रोह्याच्या एका लग्नात नवऱ्याची शेरवानी ऐनवेळी खांद्यात ढगळ निघाली. धावाधाव झाली आणि पुलापलीकडून, अष्टमीहून, शिवणकाम करणारी एक बाई बोलावली गेली. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. ती खांदा आत घेत होती आणि मी शेजारी इअरफोन लावून कडू औषध प्यायल्यासारखा चेहरा करून उभा होतो. तिने काही न विचारता माझ्या एका कानातला बोंडूक काढून स्वतःच्या कानात घातला.

"काय रे शूटिंगवाल्या, नवरा बोलतोय का पोहे चाळतोय?"

जरीचं कापड माईकवर घासत होतं, त्याची ती खरखर. तिने पिशवीतून मलमलचा तुकडा काढला, माईकला टोपरं घातलं, शेरवानीच्या आतून चोरखिसा मारला आणि वायर कच्च्या टाक्याने अस्तराला धरून टाकली. मग नवऱ्याला बोल म्हणाली. तो नुसता हॅलो म्हणाला आणि मला त्याने त्याआधी गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. त्या दिवसापासून मी मावशीला सोडली नाही. हंगाम सुरू झाला की ती रोह्याहून एसटीने यायची, सोबत सुयादोरे आणि एक भलीमोठी गोधडी.

गोधडीचं काय काम, असं मीही विचारलं होतं. तर घरच्या वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलायचे असले की मावशी त्यांना एका खोलीत न्यायची, त्यांच्यासमोरच्या उघड्या भिंतीवर गोधडी टांगायची आणि मग बोला म्हणायची. खोलीतला तो विहिरीसारखा घुमारा गायब. खाडीकडच्या गावात वारा माईकमध्ये नुसता भणभणायचा. तर हिने रोह्याच्या बाजारातून एक टेडी आणला, त्याचा कान कापला आणि माईकला चढवला. कित्येक नवरे कॉलरखाली टेडीचा कान घेऊन बोहल्यावर चढलेत, त्यांच्या बायकांना अजून माहीत नाही. कानतुटका टेडी माझ्या गाळ्यात कपाटावर बसलेला असतो.

कॅमेरा वेगळा चालतो आणि मोबाईलमधला आवाज वेगळा भरला जातो. नंतर दोन्ही जुळवायला एक खूण लागते, म्हणून सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. ती टाळी मावशी वाजवायची, कडकडीत. पण माईक शिवताना, तपासताना, रेकॉर्डिंग आधीच चालू असायचं आणि माणसं बिनधास्त बोलत असायची. त्याबद्दल तिचा कायदा कडक होता. "टाळीच्या आधीचं आपलं नाय."

एकदा एक नवरदेव टाळीच्या आधी मित्राला असं काहीतरी बोलला की मावशीचं हसू पदरात मावेना. करवल्या मागे लागल्या, सांगा ना, सांगा ना. मावशी म्हणाली की कानात पडलं ते पोटात गेलं, आता बाहेर कुठून काढू? मलाही तिने ते कधी ऐकू दिलं नाही. मी टाळीपासून पुढचं तेवढं कापून घ्यायचो. टाळीनंतर मात्र कुणाची गय नव्हती. एका भटजींनी दोन मंगलाष्टकांच्या मध्ये हळूच विचारलं होतं, जिलबी आहे की गुलाबजाम? ते तिने काढू दिलं नाही. त्या घरात लग्नाचा व्हिडिओ अजून लागतो तो त्या जिलबीसाठी.

मग एक मुलगी आली. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावची, वडील मिठागरावर राबलेले. ड्रोनबद्दल काही विचारलं नाही. तिच्या बाबांच्या घशात दुखणं निघालं होतं. लग्न झालं की लगेच मुंबईला ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव राहील, आवाज राहणार नाही. ती म्हणाली, "बाकी कायपण करा, मला बाबांचा आवाज पाहिजे."

आणि बाबा तर बोलायलाच तयार नाहीत. आवाज आधीच बसलेला. फुटक्या पिंपासारखा झालाय, असला आवाज पोरीच्या लग्नात कशाला भरायचा, असं त्यांचं म्हणणं. मोबाईल दिसला की उठून जायचे. मुलीच्या आत्याने युक्ती काढली की माईक नवरीच्या गजऱ्यात लपवा. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. मावशीने गजरा हातात घेतला, हुंगला आणि आत्याला परत दिला.

"चोरून नाय. त्यांचा आवाज हाय, त्यांना विचारू."

लग्नाच्या सकाळी ती सदऱ्याचं बटण लावायच्या निमित्ताने बाबांच्या खोलीत गेली. मी मांडवात होतो. नंतर तिनेच सांगितलं, तिने माईक त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "दादा, यात आवाज भरतो. बोललात तर भरंल, नाय बोललात तर नुसता सदरा समजा." आणि त्यांच्यासमोरच तो सदऱ्याच्या पट्टीत शिवला, मोबाईल खिशात सारला. त्यांनी सदरा घातला.

घातला खरा, पण दिवसभर तोंड उघडलं नाही. मंगलाष्टकं झाली, कन्यादान झालं, पंगती उठल्या. कुणी काही विचारलं की मान हलवायचे. मावशी मांडवाच्या खांबाला टेकून इअरफोन लावून बसलेली, जेवायलाही उठली नाही. मी दर थोड्या वेळाने भुवया उडवून विचारायचो आणि ती मान हलवायची. नुसता श्वास ऐकू येतो म्हणाली. मुलगी सप्तपदी करताना नवऱ्याकडे कमी आणि मावशीकडे जास्त बघत होती. मला मनातून मावशीचा रागच आला. गजऱ्यात घातला असता तर काय बिघडलं असतं?

पाठवणीला बेंजोवाले जोरात सुरू झाले. मावशी उठली, थेट त्यांच्यासमोर गेली आणि बोट वर केलं. तिथे ना छत ना पंखा, पण बेंजोवाले गप्प झाले. गाडीच्या दाराशी मुलगी बाबांच्या गळ्यात पडली. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, फिरवत राहिले. मग त्या फुटक्या पिंपासारख्या आवाजात म्हणाले, "पोचलीस का फोन कर गो."

बस, एवढंच. पोरगी पेणला कॉलेजला जाताना रोज म्हणायचे तेच. मावशीने इअरफोन काढला, डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, भरला रे. मीही तिकडे कॅमेऱ्यामागे रडत होतो, कॅमेरा हलला म्हणून तो शॉट वाया गेला. आवाज मात्र लख्ख आलाय.

ऑपरेशन झालं. बाबा वाचले, आवाज गेला. मुलगी सासरहून फोन करते तेव्हा ते फोनवर नखाने टकटक करतात, म्हणजे ऐकू येतंय, बोल. हे तिने मावशीला सांगितलं होतं आणि मावशी ते प्रत्येक लग्नात प्रत्येकाला सांगायची.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही. या हंगामात मी पंखे चालू ठेवून शूटिंग केलं. वरमाया खूश, आवाजाची माती.

परवा ती मुलगी आली, सोबत बाबा. गळ्याला रुमाल बांधलेला, तब्येत ठीक. दोघांना मावशीचं उशिरा कळलं होतं. मग मुलगी म्हणाली, "बाबांना मावशींचा आवाज ऐकायचाय. हाय काय तुमच्याकडे?"

अख्ख्या तालुक्याचे आवाज भरून घेतलेली बाई, तिचा आवाज माझ्याकडे कुठला? ती कायम कॅमेऱ्यामागे, टाळीनंतर गप्प. मग डोक्यात आलं की टाळीच्या आधी असेल. बाबांना म्हटलं, तुमच्याच लग्नघरातलं आहे, तुमची हरकत नसेल तर लावतो. त्यांनी मान हलवली.

बाबांच्या सदऱ्यातल्या माईकची मूळ फाईल लावली. कापडाची सळसळ, सुईचा दोरा ओढल्याचा बारीक आवाज, आणि मग मावशी, "पंखा बंद करा गो."

मग बाबांचा आवाज.

"अगो बाय, लाईटच नाय हाय! पंखा कवाचा बंद!"

आणि बाबा हसायला लागले. घोगरं, पोटातून आलेलं, थांबता थांबत नाही असं हसू, त्यात मावशीचं हसू मिसळलेलं. मग, जरा पुढे, मांडवातली टाळी. मुलीने तोंडावर हात धरला. हे तिने कधी ऐकलंच नव्हतं, मीही नाही. बाबांकडे बघितलं तर त्यांचे खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज काही नाही.

"परत लावा," मुलगी म्हणाली.

मी माऊसला हात लावला. बाबांनी माझं मनगट धरलं, थांब म्हणून. मग उजव्या हाताचं बोट वर केलं, सरळ छताकडे.

मी उठलो आणि पंखा बंद केला.