जामिनावरची सायकल

उस्मानाबादेत आजवर जेवढे मुन्सिफ होऊन गेले असतील, त्या सगळ्यांनी मिळून चालवले नसतील एवढे मुकदमे आमच्या पेशकारसाहेबांनी आपल्या ओसरीवर चालवले, आणि त्यांतला एकही मुलजिम, म्हणजे आरोपी, माणूस नव्हता. सगळ्या सायकली होत्या. साहेब तीस वर्षं कोर्टात पेशकार होते. हाकिमापुढं कागद ठेवायचे आणि आलेल्या माणसाला पुढची तारीख द्यायची, हे त्यांचं काम. पेन्शन सुरू झाली, पण तारखा द्यायची सवय काही सुटेना. तारीख घ्यायला माणसं येईनात, तेव्हा ते सायकलींकडं वळले.

उंच, सडपातळ अंग, काळी शेरवानी, लाल रुमी टोपी आणि शेरवानीच्या खिशात कायम एक पाना. कचेरीमागच्या त्यांच्या गल्लीतून सायकल गेली की जेवता जेवता हातातला घास तसाच धरून ते ऐकत बसत. नुसत्या फ्रीव्हीलच्या टिकटिकीवरून सायकल कुठल्या कंपनीची हे सांगत. एकदा त्यांनी टपालवाल्याला भर रस्त्यात थांबवलं आणि म्हणाले, "मियाँ, तुमच्या मागच्या चाकात एक छर्रा कमी हाय." तो म्हणाला, "साहेब, टपाल वाटायचंय." साहेबांनी तोवर चाक खोललं होतं. त्या दिवशी गावाला टपाल दीड तास उशिरा मिळालं, पण छर्रा खरंच एक कमी निघाला.

त्यांची स्वतःची सायकल आरशासारखी लखलखीत असे. नमाजाला जाताना, बाजारात जाताना ती बरोबर असायचीच, पण हँडल धरून तिच्या शेजारून चालत जायचं, ही त्यांची रीत. मी एकदा न राहवून विचारलं, "साहेब, तुम्ही बसत का न्हाय?" ते गंभीरपणे म्हणाले, "बसायला कुणालाबी येतं. संगं चालून बघावं, मग सायकलीची तब्येत कळती." आतून पडद्याआडून त्यांच्या बीबींचा आवाज आला. त्यांना मी चाची म्हणत असे. "अजी, येत न्हाय म्हणून सांगा की! निकाह झाला त्या साली एकदा बसले होते. सरळ मशिदीच्या हौदात गेले." साहेबांनी ते ऐकलंच नाही असं दाखवून चेनला तेल घातलं.

माझी त्यांची गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. आमच्या घरात तोवर सहीच्या जागी अंगठाच उठत आलेला, त्यामुळं माझं मॅट्रिक होणं ही गावभर सांगायची गोष्ट होती. तेरच्या वाटेवरच्या एका गावात, शाळेवर, नायब मुदर्रिस म्हणजे दुय्यम मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. शाळा आमच्या गावापासून चार कोस. तिथंच राहावं, तर वडील गाडीवरून पडून पाय मोडून बसलेले, आणि बैलांचं वैरणपाणी दोन्ही वेळा मलाच बघायचं. रोज आठ कोस चालून वर पोरांना शिकवणं होण्यासारखं नव्हतं. सरकारी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

तेव्हा परंड्याच्या मामांना त्यांच्या गोठ्यातली सायकल आठवली. कुणा वाटसरूनं ती दोन दिवसांपुरती म्हणून ठेवली होती. त्याला सहा वर्षं झाली, तो काही फिरकला नाही. मामांनी ती कडब्याच्या गंजीमागून ओढून काढली आणि बैलगाडीत घालून पाठवली. रंग नाही, घंटी नाही, ब्रेक नाही, आणि सीटखाली चिमणीचं घरटं. ती ढकलत मी साहेबांच्या ओसरीवर आणली. साहेबांनी चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, "नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

"तुमचं न्हाय. हिचं."

नाव कुणाला माहीत होतं? हँडलखालची कंपनीच्या नावाची पितळी पट्टी कधीच गळून गेली होती. साहेबांनी मान हलवली. "बेनाव सायकलीला मी हात लावत न्हाय, मास्तर. कुणाची, कुठली, चोरीची हाय का खरेदीची? उद्या मालक दारात उभा राहिला तर? आधी ओळख, मग इलाज."

मला मास्तर म्हणणारे ते पहिले. शाळेचं तोंडसुद्धा मी अजून पाहिलं नव्हतं, म्हणून त्या एका शब्दासाठी मी पुढचं सगळं सोसलं.

सोसण्यासारखं पुष्कळ होतं. साहेबांनी लाल दोरीची नवी मिसल, म्हणजे मुकदम्याची फाईल, काढली, बोरू शाईत बुडवला आणि झोकदार उर्दूत पंचनामा लिहायला घेतला. पंच दोघे, मी आणि पडद्याआड चाची. "रंग, न्हाय. घंटी, न्हाय. ब्रेक, न्हाय," असं ते मोठ्यानं म्हणत लिहीत होते. चाचींनी विचारलं, "मग हाय तरी काय?" साहेब म्हणाले, "तोच तर मुकदमा हाय!" आणि मला चौथ्या दिवसाची तारीख दिली.

पण त्यांचं काम पाहत बसावं असं होतं. पट्टी गेली तरी तिच्या खिळ्यांची दोन भोकं मागं राहिली होती. ती किती अंतरावर आहेत ते साहेबांनी दोऱ्यानं मोजलं. चेन फिरवणाऱ्या पुढच्या चक्रात प्रत्येक कंपनी आपापली नक्षी कापते, तिच्यावर बोटं फिरवली. "नक्षीच न्हाय. तीन साध्या पट्ट्या. गरिबानं घ्यावी अशी सायकल हाय ही, साध्यातली साधी," असं ते म्हणाले, ते मात्र अगदी मायेनं. सीटचा दांडा गंजून फ्रेममध्ये रुतला होता. त्याच्या सांध्यात रोज सकाळी घासलेटचे चार थेंब सोडायचे आणि हातोडी लावायची नाही, हा त्यांचा नियम. "जोर केला की गवाह तुटतो. दमानं घेतलं की आपोआप बोलतो." नवव्या दिवशी दांडा खरोखर आपोआप सुटला. चिंच आणि राख लावून घासताना हिरव्या रंगाखाली काळा निघाला, काळ्याखाली लाल. मी दिवस मोजत होतो आणि साहेब रंग मोजत होते.

सुटे केलेले भाग ते गाडग्यांमध्ये ठेवत, आणि गाडग्यावर खडूनं नाव लिहीत. चाचींना वाचता येत नसे. त्यांनी एका गाडग्यात ज्वारी ओतली. दुसऱ्या दिवशी जातं करकरून अडकलं आणि चाची तरातरा पडद्यापर्यंत आल्या. "ह्या घरात ज्वारी कमी अन् छर्रे जास्त झाल्यात! आज भाकरी थापू का तुमची सायकल थापू?" साहेबांनी ज्वारी सुपात घेऊन स्वतः पाखडली. छर्रे मोजून त्यांनी मिसलीत नोंद केली की एक गवाह फरार. दुपारी त्यांनी मला आग्रहानं जेवायला बसवलं. दुसऱ्याच घासाला माझ्या दाढेखाली कट्ट वाजलं. चाची कळवळून "या अल्ला" म्हणाल्या. साहेब मात्र ताटावरून उठले, हात पुढं करून म्हणाले, "गवाह हाजिर!" आणि तो छर्रा धुवून, पुसून, गाडग्यात टाकून मगच परत जेवायला बसले. माझ्या दाढेची चौकशी त्यांनी संध्याकाळी केली.

तेराव्या दिवशी तपास संपला. फ्रेम एका कंपनीची, पुढचं चाक धरणारा चिमटा दुसरीचा, मागचं चाक तिसरीचं. "ही एक सायकलच न्हाय," साहेब विजयानं म्हणाले. "तीन मुलजिम एकाच नावानं हजर झाल्यात. आता तीन मिसली कराव्या लागतील, तीन पंचनामे. तारीख देतो पुढच्या महिन्याची."

"साहेब," मी म्हणालो, "परवा हजर व्हायचंय. न्हाय झालो तर मास्तर व्हायचं न्हाय मी. परत नांगरच धरायचा."

साहेब पाना हातात फिरवत बसले. पडद्याआडून चाची म्हणाल्या, "अजी, खुनी माणसाला जामीन मिळतो. हिनं काय केलंय?"

साहेब ताठ बसले. बोरू उचलला. तीस वर्षं दुसऱ्याच्या हुकमाचे कागद पुढं ठेवणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी स्वतः हुकूम लिहिला. मुलजिम सायकल जामिनावर सोडण्यात येते. जामीन, खुद्द पेशकारसाहेब. अट, दर जुम्म्याला मुलजिमानं कोर्टात हजर व्हावं. मग दीड दिवस ते ओसरीवरून हलले नाहीत. लढाईमुळं टायर कुठं मिळत नव्हते, तेव्हा चांभाराकडून फाटक्या टायरला आतून चामडं शिवून घेतलं. घंटी मात्र त्यांनी आपल्या सायकलीची काढून लावली. मी बसून गल्लीत चक्कर मारली तेव्हा शेरवानी सावरत, मिसल काखेत घेऊन, ते शेजारून पळत होते. "ऐका, ऐका!" ओरडत होते. "फ्रीव्हील काय बोलतंय ऐका!"

मी पंधराव्या दिवशी, घंटा व्हायच्या आत, शाळेत हजर झालो.

तेव्हा शाळेला सुट्टी शुक्रवारची असे. दर शुक्रवारी, नमाज झाल्यावर, मी सायकल घेऊन ओसरीवर जाई. साहेब ऐकत, पाना फिरवत, तेल घालत, मिसलीत दोन ओळी लिहीत आणि पुढच्या शुक्रवारची तारीख देत. चाची चहा पाठवत. अशी चार वर्षं गेली. माझी शिकवणी, वडिलांचा पाय, माझं अडलेलं इंग्रजी, सगळं त्या पेशीत निघे. हैदराबादला कॉलेजात जायचं धाडसही मला त्या ओसरीवरच आलं. निघण्याआधी मी म्हणालो, "साहेब, आता तरी फैसला द्या."

साहेब नट आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "फैसला लागला की कोण कचेरीची पायरी चढतंय, मास्तर?" पाना खिशात टाकत म्हणाले, "तारीख घ्या. बी. ए. होऊन याल, त्याच्यानंतरचा पहिला जुम्मा."

पुढं राज्य बदललं. कचेरीतली भाषा बदलली, जुन्या मिसली बांधून ठेवल्या गेल्या. साहेबांची चालूच होती. मी बी. ए. होऊन आलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ते बाजेवर पडून होते. मी सायकल ओसरीवर चढवली आणि काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "मुलजिम हाजिर! मागचं चाक बदललंत. कोर्टाला विचारलं न्हाय."

मी बी. ए. चा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, दोनदा वाचून घेतला, आणि चाचींना मिसल आणायला सांगितली. "ह्याची नक्कल जोडा."

"सायकलीच्या मिसलीत, साहेब?"

"पुरावा हाय. कुठून आली ते न्हाय कळलं. कुठवर गेली ते तरी मिसलीत लागू दे." मग उशाशी ठेवलेला पाना चाचपत म्हणाले, "तारीख, पुढचा जुम्मा."

त्या जुम्म्याला मी गेलो. सायकल हजर होती. बाज रिकामी होती, कोर्ट उठलं होतं. चाचींनी पडद्याआडून मिसल पुढं सरकवली, आणि पहिल्यांदाच त्या काही बोलल्या नाहीत.

सायकल अजून माझ्याकडं आहे, जामिनावरच. शुक्रवारची सुट्टी जाऊन रविवारची आली, पण तिला तेल मी शुक्रवारीच घालतो.