शेवटच्या होडीचा भोंगा

शिडाच्या होड्यांच्या त्या क्लबात भोंगा वाजल्याशिवाय कुणाची शर्यत पुरी धरत नसत. तो वाजवणारे निवृत्त फिटर म्हणजे सगळ्यांचे भोंगेकाका. आणि शेवटची होडी ठरलेली, म्हाताऱ्या मास्तरांची.

त्या रविवारी वारा पडला. मास्तर काही आज पोहोचत नाहीत, असं आपलं आपणच ठरवून काका चहाला आत गेले आणि गप्पांत रंगले. बाहेर मास्तरांनी शर्यतीची शेवटची रेषा ओलांडली. भोंगा वाजेना, म्हणून बिचारे वळून पुन्हा पुन्हा ओलांडत राहिले. अंधारून आलं तेव्हा कुणीतरी हाका मारून त्यांना किनाऱ्याला आणलं.

"काका, भोंगा वाजवला होता ना?" सेक्रेटरीबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"म्हणजे काय! वाजवला की!" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"वाजला असेल," ओले बूट काढत मास्तर म्हणाले. "माझेच कान गेलेत."

झालं! मास्तर बहिरे झाल्याची बातमी क्लबभर पसरली. जो तो त्यांच्याशी ओरडून बोलू लागला. खोटं निभवायचं म्हणून काका तर सगळ्यांहून मोठ्यानं ओरडत, आणि घरी त्यांना अन्न गोड लागत नसे.

शेवटी बक्षीस समारंभात, टाळ्यांच्या कडकडाटात, ते मास्तरांशेजारी बसले आणि जेमतेम ओठ हलवत पुटपुटले, "मास्तर, त्या दिवशी मी भोंगा वाजवलाच नव्हता."

मास्तरांनी समोरून नजर हलवली नाही.

"हळू बोला," ते म्हणाले. "लोक ऐकतील."